एका ओळीत न मावणारा जिल्हा

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी (प्राथमिक) आणि मा. शिक्षणाधिकारी (माध्यमिक),
जिल्हा परिषद, यवतमाळ

विषय : शाळांमधील सामान्य ज्ञान स्पर्धांचे प्रश्न

सन्माननीय महोदय,

विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात आणि वह्यांना कव्हरं चढायच्या आत १ जुलै येतो. वसंतराव नाईकांची जयंती, राज्याचा कृषी दिन. पुढे स्वातंत्र्यदिन, शिक्षकदिन, संविधान दिन, प्रजासत्ताक दिन अशी वर्षभर रांग असते आणि त्या निमित्ताने कुठल्या ना कुठल्या शाळेत सामान्य ज्ञानाची स्पर्धा होते. प्रश्न ठरलेले असतात. वसंतराव नाईकांचे जन्मगाव कोणते? गहुली. लोकनायक बापूजी अणे कुठले? वणीचे. जिल्ह्यात तालुके किती? सोळा. टिपेश्वर कशासाठी प्रसिद्ध? वाघांसाठी. या उत्तरांत चूक काही नाही. माझी तक्रार एवढीच की उत्तर आले की विषय संपतो, आणि विषय संपला असे मुलाला वाटणे ही इतिहासाच्या आणि चालू घडामोडींच्या शिक्षणातली सर्वांत महागडी चूक आहे. म्हणून आपल्यापुढे एक साधी मागणी ठेवतो. जिल्ह्यात होणाऱ्या प्रत्येक स्पर्धेतले निदान काही प्रश्न असे असावेत, ज्यांचे उत्तर मंचावर उभ्या उभ्या देताच येणार नाही. मुलांनी ते घरी न्यावेत, पंधरा दिवस शोधावेत, आणि उत्तराबरोबर ते कुठे मिळाले हेही लिहून आणावे. सोयीसाठी मी त्यांना शोधप्रश्न म्हणतो. अशा प्रश्नांची गरज का आहे, हे दाखवायला जिल्ह्याबाहेर जायचीही गरज नाही.

‘शकुंतला’ घ्या. इंग्रजांच्या मालकीची भारतातली एकमेव रेल्वे कोणती, हा प्रश्न कितीतरी प्रश्नसंचांत आहे आणि मोबाइलवर तर तो दरवर्षी नव्याने फिरतो. उत्तर : यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर शकुंतला. पोरांना हे तोंडपाठ असते. आता ते जरा उलगडून पाहू. अरुंद रुळांची ही गाडी वऱ्हाडातला कापूस मूर्तिजापूरच्या मोठ्या लाइनीवर आणि तिथून मुंबई बंदराकडे नेण्यासाठी बांधली गेली, इथपर्यंत मतभेद नाही. मालकी सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची आणि तिच्यामागे मुंबईची किलिक निक्सन ही पेढी, हेही खरे. पण १८५७ मध्ये इंग्रजांनी काढलेली ती पेढी स्वातंत्र्यानंतर भारतीय उद्योजकांच्या हाती आली. तेव्हा ‘मालक इंग्रज’ हे उत्तर कोणत्या सालाबद्दल विचारता यावर बरोबर किंवा चूक ठरते, आणि प्रश्नसंचात साल नसतेच. मार्ग केव्हा सुरू झाला? कुठे १९०३ छापलेले दिसते, कुठे १९१०, कुठे १९१६. कंपनीची स्थापना, रुळांचे काम आणि पूर्ण मार्गावर धावलेली गाडी या तीन गोष्टींची तीन साले असू शकतात, हे चौथीतल्या मुलालाही समजावून सांगता येते. शिवाय प्रश्नसंचात ही गाडी अजून ‘धावते’. प्रत्यक्षात ती कित्येक वर्षे बंद आहे. म्हणजे एका गुणाच्या एका प्रश्नात मालकी, काळ आणि वर्तमानकाळाचे क्रियापद अशा तीन जागी गडबड आहे, आणि ते पाठ करणाऱ्या मुलाला आपण बक्षीस देतो.

हाच विषय शोधप्रश्न म्हणून मांडला तर? २८ फेब्रुवारी २०२४ रोजी पंतप्रधानांच्या यवतमाळ दौऱ्यात वर्धा–कळंब गाडीला हिरवा झेंडा दाखवला गेला. वर्धा–यवतमाळ–नांदेड या नव्या मार्गाचा तो पहिला तुकडा. मुलांना विचारा : जुनी लाइन यवतमाळहून मूर्तिजापूरकडे का गेली आणि नवी वर्ध्याहून नांदेडकडे का चालली आहे? नकाशा समोर घ्या, दोन्ही मार्ग आखा, कोणत्या मार्गाने काय वाहून न्यायचे होते किंवा आहे ते लिहा, आणि प्रत्येक विधानापुढे ते कुठून घेतले ते नोंदवा. सातवीचे मूलसुद्धा यातून एक मोठी गोष्ट स्वतः शोधून काढेल : पहिल्या लाइनीचे तोंड बंदराकडे होते. वसाहतीच्या अर्थव्यवस्थेवरच्या परिच्छेदाने जे साधत नाही ते या एका नकाशाने साधेल. आणि बातमी अलीकडची असल्यामुळे ‘चालू घडामोडी’चा रकानाही भरेल.

दुसरे उदाहरण जंगल सत्याग्रहाचे. १० जुलै १९३० रोजी पुसदला बापूजी अण्यांच्या नेतृत्वाखाली राखीव जंगलातले गवत कापून वनकायदा मोडला गेला, हे उत्तर आपल्या मुलांना येते आणि यावेच. पण त्याच वर्षी एप्रिलमध्ये दांडीला मीठ उचलले गेले असताना पुसदला गवत का, हा प्रश्न कोणी विचारत नाही. त्याच्या उत्तरात समुद्र किती लांब आहे हे येते, गुरांच्या चराईवरची बंधने येतात, इंधन-सरपणाचे हाल येतात; कोलामांचा पोड, बंजाऱ्यांचा तांडा आणि गोंडांची वस्ती येते. त्याहून खोडकर प्रश्न असा : १९३० मध्ये पुसद कुणाच्या राज्यात होते? ‘इंग्रजांच्या’ हे उत्तर झटकन येईल. पण वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाने कंपनीच्या कारभाराखाली दिला आणि १९०२ मध्ये तो कायमच्या पट्ट्याने दिला गेला. कागदोपत्री सार्वभौमत्व निजामाकडेच राहिले. आपल्या आजोबा-पणजोबांवर कारभार एकाचा आणि मालकीची मोहोर दुसऱ्याची होती, हे कळले की ‘स्वातंत्र्यापूर्वी इंग्रजांचे राज्य होते’ हे वाक्य मूल पुन्हा तितक्या सहजपणे लिहिणार नाही.

स्वतः अणे तर एका ओळीत बसवायला फारच अवघड गृहस्थ. टिळकांचे अनुयायी, सविनय कायदेभंगाच्या काळात काँग्रेसचे प्रभारी अध्यक्ष, मग १९३४ मध्ये पंडित मालवीयांबरोबर वेगळा काँग्रेस नॅशनॅलिस्ट पक्ष, १९४१ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात, १९४३ मध्ये गांधीजींच्या उपोषणाच्या वेळी राजीनामा, १९४८ पासून बिहारचे राज्यपाल, पुढे वेगळ्या विदर्भाची बाजू मांडत नागपूरहून लोकसभेत. आणि टिळकांवर लिहिलेल्या त्यांच्या संस्कृत महाकाव्याला निधनानंतर १९७३ चा साहित्य अकादमी पुरस्कार. ज्या जुलैत पुसदला गवत कापले गेले त्याच जुलैच्या २१ तारखेला यवतमाळजवळच्या लोहाऱ्यात संघसंस्थापक डॉ. हेडगेवारांनीही जंगल सत्याग्रह केला आणि तुरुंगवास भोगला. आजच्या राजकारणात जे एकमेकांकडे पाठ करून उभे असतात त्यांचे पूर्वसूरी एकाच महिन्यात, एकाच जिल्ह्यात, एकाच कायद्याविरुद्ध उभे होते. हे कसे, हा प्रश्न नववीच्या मुलांना दिला तर शिक्षकांनी बाजू घेण्याची गरज नाही. तारखा शोधा, कोण कोणत्या नात्याने तिथे होता ते लिहा, एवढे सांगितले तरी पुरते.

वसंतराव नाईकांविषयी बोलल्याशिवाय यवतमाळातले पत्र पूर्ण होणार नाही. ‘सर्वाधिक काळ मुख्यमंत्री कोण’ या प्रश्नावर त्यांची बोळवण करणे हा त्यांचा गौरव नव्हे. ५ डिसेंबर १९६३ ते फेब्रुवारी १९७५ या त्यांच्या कारकिर्दीत १९७२ चा दुष्काळ पडला आणि रोजगार हमी योजना राज्यभर आली. तिची कल्पना वि. स. पागे यांची. कायदा झाला १९७७ मध्ये, अंमल सुरू झाला २६ जानेवारी १९७९ पासून, आणि २००५ मध्ये संसदेने देशभरासाठी ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला. योजनेच्या खर्चासाठी राज्याने १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवला. त्या करापोटी आजही गुरुजींच्या पगारातून बहुतेक महिने दोनशे रुपये कापले जातात आणि फेब्रुवारीत तीनशे. म्हणजे दुष्काळाचा एक पुरावा दरमहा शिक्षक-खोलीतच येतो. तो पगारपत्रक नावाच्या कागदावर असतो म्हणून कोणी इतिहास म्हणून वाचत नाही. ‘गुरुजींच्या पगारातून हे दोनशे रुपये का जातात आणि १९७२ शी त्यांचा काय संबंध’ हा शोधप्रश्न १ जुलैला दिला तर गहुलीच्या सुपुत्राचे स्मरण अधिक चांगले होईल, आणि शिक्षकांचीही थोडी करमणूक होईल.

आता एक अवघड उदाहरण, आणि ते टाळणे यवतमाळच्या माणसाला शोभणार नाही. महाराष्ट्रातील पहिली शेतकरी आत्महत्या कोणती, असा प्रश्न स्पर्धा परीक्षेच्या चोपड्यांत दिसतो. उत्तर म्हणून महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणचे साहेबराव करपे आणि त्यांच्या कुटुंबाचा, १९ मार्च १९८६ रोजी झालेला अंत लिहिलेला असतो. त्या घटनेची आठवण ठेवून १९ मार्चला राज्यात अनेक जण अन्नत्याग करतात, ते योग्यच आहे. परंतु ‘पहिली’ हा दावा टिकत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग शेतकऱ्यांच्या आत्महत्या वेगळ्या मोजू लागला तो १९९५ पासून. जे आधी मोजलेच नाही त्यात पहिले कोण, हे कुणालाच सांगता येणार नाही. फार तर ‘मोठ्या प्रमाणावर चर्चा झालेली पहिली घटना’ म्हणता येईल. आणि अशी गोष्ट एका गुणासाठी घंटी दाबून सांगण्याची नव्हे. ज्या वर्गात हा प्रश्न विचारला जातो त्या वर्गातल्या एखाद्या बाकावर त्याच दुःखातून आलेले लेकरू बसलेले असू शकते. या जिल्ह्यात ही केवळ कल्पना नाही.

मोठ्या मुलांसाठी, म्हणजे अकरावी-बारावीला, हाच विषय आकड्यांच्या वाचनाचा धडा म्हणून घेता येईल, आणि तो घेतला पाहिजे असे माझे मत आहे. एकाच वर्षाच्या, एकाच जिल्ह्याच्या आत्महत्यांचे दोन आकडे वेगळे का निघतात? कारण एक आकडा एकूण प्रकरणांचा असतो आणि दुसरा ‘पात्र’ प्रकरणांचा. एक लाखाची मदत मिळण्यासाठी प्रकरण शासनाच्या निकषांत बसावे लागते; जमीन कुणाच्या नावावर होती, कर्ज कुणाचे होते, थकलेले होते का, हे पाहिले जाते. मग सातबारा सासऱ्याच्या नावे असलेली शेतकरी बाई, बटईने वावर करणारा माणूस, सावकाराकडून पैसे घेतलेले घर यांचे काय होते? केंद्राच्या अहवालात शेतकरी आणि शेतमजूर असे पुन्हा दोन रकाने असतात. आकडा कुणी मोजला, कशासाठी मोजला आणि मोजताना कुणाला बाहेर ठेवले, एवढे तीन प्रश्न विचारायची सवय लागलेला विद्यार्थी पुढे कोणत्याही पक्षाच्या जाहिरातीपुढे इतक्या सहजी मान डोलवणार नाही. २०१७ च्या पावसाळ्यात फवारणीच्या विषबाधेने या जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे गेली. त्या बातम्याही याच पद्धतीने वाचता येतील : कोणते औषध, कोणता पंप, मजुराला हातमोजे-मास्क कुणी द्यायचे होते, नियम काय सांगतो.

शोधून उत्तर आणण्याची ही रीत मी शोधून काढलेली नाही. आयल ऑफ मॅन या बेटावरच्या किंग विल्यम्स कॉलेजमध्ये १९०५ पासून अशी एक सामान्य ज्ञानाची प्रश्नपत्रिका निघते. मुलांनी ती नाताळच्या सुट्टीआधी एकदा बिनतयारीची सोडवायची, त्यात बहुतेकांची दांडी गुल व्हायची, मग ती सुट्टीत घरी नेऊन घरच्यांसह शोधायची आणि परत आल्यावर पुन्हा सोडवायची, अशी तिची परंपरा. १९५१ पासून ती ‘गार्डियन’ या वृत्तपत्रात छापली जाते. तिची एक खुबी मला विशेष आवडते. पहिला विभाग बरोबर शंभर वर्षांपूर्वीच्या सालावर असतो आणि शेवटचा सरत्या वर्षावर. इतिहास आणि चालू घडामोडी यांना एकाच कागदाच्या दोन टोकांना बसवण्याची ही युक्ती. त्या पत्रिकेतले प्रश्न मात्र फार कोड्यांचे आणि खानदानी वाचनाच्या घमेंडीचे असतात. ते आपल्याला नकोत. घ्यायची ती फक्त मांडणी, आणि नाताळऐवजी आपल्याकडे दिवाळीची सुट्टी आहेच.

यावर पहिला आक्षेप अभ्यासिकांमधून येईल. पुसद, वणी, दारव्हा, उमरखेडच्या अभ्यासिकांत रात्रंदिवस बसलेली पोरे पोलीस भरती, तलाठी आणि एमपीएससीची तयारी करतात. त्यांना एका ओळीतलीच उत्तरे लागतात, मग लहानपणापासून तीच सवय लावली तर बिघडले कुठे? आक्षेप खरा आहे आणि पोटाशी बांधलेला आहे, म्हणून तो हसण्यावारी नेऊ नये. पण परीक्षांकडेच नीट पाहा. एमपीएससी परीक्षेनंतर उत्तरतालिका लावते आणि उमेदवारांकडून हरकती मागवते. हरकतीला संदर्भ जोडावा लागतो, आणि कित्येक प्रश्नांची उत्तरे त्यानंतर बदलतात किंवा प्रश्नच रद्द होतात. शाळेच्या शिष्यवृत्ती परीक्षेतही अंतरिम उत्तरसूचीवर आक्षेप घेता येतात. एकच उत्तर असलेला प्रश्न काढणे किती कठीण आहे, याची ही सरकारी कबुलीच झाली. हरकत घेता येणे म्हणजे पुरावा शोधता येणे, आणि एका गुणाने यादीबाहेर राहणाऱ्या मुलाला त्याची किंमत कळते. शिवाय २०२५ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आहे. तिथे ‘रोजगार हमी योजनेचा आढावा घ्या’ म्हटल्यावर ‘वि. स. पागे’ हे दोन शब्द लिहून भागत नाही.

याच आक्षेपाची एक अधिक खोल बाजू आहे : आधी काही पाठ असल्याशिवाय विचार तरी कशाचा करणार? हे मला मान्य आहे. १९३० आणि १९६० यांतले आधी काय हे ज्याला ठाऊक नाही त्याला शोधप्रश्न देऊन उपयोग नाही. म्हणूनच सगळे प्रश्न बदला असे मी म्हणत नाही. वीस प्रश्नांच्या स्पर्धेत पंधरा झटपट उत्तरांचे राहू द्या. उरलेले पाच मात्र घरी जाऊ द्या, आणि गुणांत त्यांचे वजन निम्म्याच्या खाली नको. नाहीतर ते शोभेचे होतील.

दुसरा आक्षेप साधनांचा. झरी जामणीच्या पोडावरच्या द्विशिक्षकी शाळेत ना वाचनालय, ना धड नेटवर्क. तिथले मूल कुठे शोधणार? यवतमाळच्या इंग्रजी शाळेतले मूल वडिलांच्या लॅपटॉपवर सगळे आणेल आणि बक्षीसही नेईल. हा आक्षेप प्रश्न काढणाऱ्यावर अवलंबून आहे. प्रश्न आंतरराष्ट्रीय परिषदांचा असेल तर पोडावरचे मूल हरणारच. तो गावचा असेल तर पारडे फिरते. शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर, ग्रामपंचायतीचे ठराव-पुस्तक, तहसीलमधली पावसाची नोंद, तलाठ्याकडचा पीकपेरा, बाजार समितीतले कापसाचे भाव, जिल्हा सांख्यिकी कार्यालय काढते ते सामाजिक व आर्थिक समालोचन, जनगणनेची जिल्हा पुस्तिका, आणि जिथे इंटरनेट पोचते तिथे जिल्ह्याचे गॅझेटिअर. एवढ्या साहित्यावर विद्यापीठातले लोक प्रबंध लिहितात. जुन्या शाळा-रजिस्टरांची ताकद तर २०२३ मध्ये सगळ्या महाराष्ट्राने पाहिली. न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामात कुणबी नोंदी शोधण्यासाठी कपाटाच्या तळातली रजिस्टरे बाहेर निघाली. (मुलांच्या हाती रजिस्टर देताना नावे आणि जातीचा रकाना झाकावा, हे सांगायला नकोच; किती मुली शिकत होत्या, कितव्या इयत्तेत शाळा सुटत होती, हे मोजायला तो रकाना लागत नाही.) आणि लिखित काहीच नसेल तिथे माणसे आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या नियमांत दावेदार सोडून गावातल्या ज्येष्ठांनी सांगितलेली आणि लिहून घेतलेली माहिती पुरावा म्हणून धरली आहे. जे कायद्याला चालते ते शाळेच्या स्पर्धेला चालायला हरकत नसावी. कोलामी बोलणाऱ्या आजीकडून जुन्या वस्तीची हकिकत ऐकून ती मराठीत उतरवून आणणारे मूल या स्पर्धेत यवतमाळच्या लॅपटॉपला मागे टाकू शकते. शिवाय वनहक्काचा दावा असो की पीकविम्याची तक्रार, पुढे त्याला कागद गोळा करूनच बोलावे लागणार आहे.

तिसरा आक्षेप आजचा आहे. मुले मोबाइललाच विचारतील, आणि मोबाइल आता नुसती माहिती देत नाही, अख्खे उत्तर लिहून देतो. देऊ द्या. शकुंतलेचा मालक कोण हे त्याला विचारा आणि जे उत्तर येईल ते प्रश्नपत्रिकेतच छापा. खाली लिहा : यातले कोणते विधान तुम्ही दुसऱ्या ठिकाणी पडताळून पाहिले, काय सापडले? तयार उत्तर आणणे मग गुन्हाही राहत नाही आणि पुरेसेही राहत नाही. गावातल्या विहिरीचे साल, शाळेची पहिली मुलगी कोणत्या वर्षी दाखल झाली, आठवडी बाजार पूर्वी कोणत्या वारी भरायचा, ही माहिती तर कुठल्याही यंत्राकडे नसते. ती गावाकडेच असते.

तपासणीचा बोजा वाढेल, हे निमूट मान्य करावे लागेल. निवडणुकीची कामे, पोषण आहाराचे हिशेब आणि रोजच्या ऑनलाइन माहितीच्या फतव्यांतून आपले शिक्षक आधीच दमलेले आहेत. म्हणून गुणांचा नियम आखूड हवा : उत्तर सापडले का, ते कुठे सापडले हे लिहिले आहे का, आणि दोन स्रोतांत फरक आढळला तर तो सांगितला आहे का. तिसऱ्याला सर्वांत जास्त गुण. एका पानापेक्षा मोठे उत्तर घेऊच नये. रंगीत फाइली आणि डाउनलोड केलेली चित्रे आल्या पावली परत करावीत.

शेवटचा आक्षेप कोणी उघड बोलणार नाही, पण तोच सर्वांत जड आहे. गावात शोध घ्यायला मुले निघाली की नको ते सापडेल. २०१९ च्या जानेवारीत यवतमाळला ९२ वे साहित्य संमेलन झाले. प्रश्नसंचातले उत्तर ‘अध्यक्षा अरुणा ढेरे’ एवढेच. फार तर १९७३ च्या यवतमाळच्याच संमेलनाचे अध्यक्ष ग. दि. माडगूळकर होते, ही जोड. पण उद्घाटनाला बोलावलेल्या लेखिका नयनतारा सहगल यांचे निमंत्रण मागे घेतले गेले आणि अखेर उद्घाटन केले ते कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे या शेतकऱ्याच्या विधवा पत्नीने, हा त्या संमेलनाचा खरा इतिहास उत्तरपत्रिकेत कुठेच नाही. २ नोव्हेंबर २०१८ रोजी राळेगाव तालुक्यात नरभक्षक ठरवलेली ‘अवनी’ वाघीण मारली गेली तेव्हा मुंबई-दिल्लीत एक बातमी होती आणि गुरे घेऊन जंगलाकडे जाणाऱ्यांच्या घरांत दुसरी. दोन्ही खऱ्या. असे विषय शाळेत नकोत म्हणणारे पालक आणि पदाधिकारी आपल्याला भेटतील. जर्मनीत १९७३ पासून राष्ट्राध्यक्षांच्या नावाने शाळकरी मुलांची स्थानिक इतिहासाची स्पर्धा चालते. तिथे पासाऊ गावच्या आना रोस्मुस या मुलीने आपल्या गावाचा नाझी काळ शोधायला घेतला तेव्हा गावातल्याच प्रतिष्ठितांनी तिला आडकाठी केली. स्पर्धा मात्र बंद पडली नाही. आपल्याकडे तर इतके जड काही लगेच समोर येणारही नाही. पण आले तर शिक्षकाला एकटे सोडू नये. कार्यालयाचे एक पत्रक असावे, की पुराव्यासह लिहिलेल्या उत्तराबद्दल कोणत्याही शिक्षकाला जाब विचारला जाणार नाही. या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची मागणी कोणती असे विचाराल तर ती हीच आहे. बाकीचे शिक्षक स्वतः करतील.

सुरुवात लहान असू द्या. सोळाही तालुक्यांतून प्रत्येकी दोन-तीन प्रश्न मागवावेत, ते काढणाऱ्या शिक्षकांची नावे प्रश्नांखाली छापावीत आणि दिवाळीच्या सुट्टीआधी ते शाळांत पोचवावेत. आलेली उत्तरे फेकून न देता तालुक्याच्या गटसाधन केंद्रात ठेवावीत, म्हणजे पुढच्या वर्षीच्या मुलांना आदल्या वर्षीच्या मुलांची चूक दाखवता येईल. १० जुलै २०३० रोजी पुसदच्या सत्याग्रहाला शंभर वर्षे पूर्ण होतील. त्या दिवशी पाहुणे येतील, भाषणे होतील, स्मरणिका निघेल. सत्याग्रहात कोणत्या गावांतले कोण होते, कुणाला किती दंड झाला, कुणाची गुरे कोंडवाड्यात गेली, ही माहिती ज्या घरांत आहे त्या घरांतली मुले आज पाचवी ते आठवीत शिकत आहेत. ती गोळा करायला तेव्हा समिती नेमण्यापेक्षा यंदाच्या दिवाळीत त्यांना प्रश्न दिलेला बरा.

कळावे,
आपला,
यवतमाळ जिल्ह्यातील एक नागरिक